तुम्ही विचारलेत म्हणून: मी मध्ये का पडले नाही

दादर असो, पार्ले असो की ठाणे, वानरांवरचे माझे व्याख्यान संपले की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो: टोळी बळकावणारा नवा हुप्प्या, म्हणजे नर वानर, पिल्लाला मारत असताना तुम्ही नुसत्या बघत राहिलात? गेल्या महिन्यात एका बाईंनी त्याला ‘बाई असून?’ अशी पुस्ती जोडली. निरीक्षकाने ढवळाढवळ करायची नसते, हे ठरलेले उत्तर देऊन मी चहा न घेताच निघाले. ते उत्तर खोटे नाही, पण पुरे पडत नाही.

आधी शास्त्राची बाजू मांडते, कारण ती मला सोयीची आहे. धारवाडजवळ 1962 साली जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांच्या पाहणीत बाहेरच्या नरांनी टोळीतल्या नराला हुसकावले आणि त्यानंतर अंगावरची पिल्ले मारली गेली. अनेकांना ही गर्दीमुळे बिघडलेल्या जनावरांची विकृती वाटली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी 1971 मध्ये माउंट अबूला आल्या त्या हीच शंका तपासायला, पण त्यांचे मत वेगळेच झाले: पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही, पिल्लू गेले की येते, आणि टोळी नराच्या ताब्यात थोडीच वर्षे राहत असल्याने दुसऱ्याचे पिल्लू मारणाऱ्याचा वंश वाढतो. यावर पुढे बरीच वर्षे भांडणे झाली. अशा भांडणात प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली एकेक नोंद सोन्यासारखी असते.

यावरून सावत्र बापांविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांना मी तिथेच थांबवते. वानरे आपले पूर्वज नव्हेत. त्यांची आणि आपली वाट अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली. वानरीण आपले तान्हे इतर माद्यांच्या हाती देते, चिंपांझी आई सहसा देत नाही, माणसाची आई देते. आणि हर्डींनी पुढे माणसाच्या उत्क्रांतीचा विचार केला तो नराच्या सुळ्यांवरून नव्हे, तर मूल सांभाळणाऱ्या या अनेक हातांवरून. हे मात्र मला कोणी विचारत नाही.

त्या सकाळी मी कान्हेरीच्या बाजूला एका उंबराखाली बसले होते. सात नंबरच्या मादीचे पिल्लू अजून गडद तपकिरी होते, म्हणजे काही आठवड्यांचेच. आदल्या आठवड्यापर्यंत ते तीन-चार मावश्यांच्या हातांतून फिरत असे. नवा हुप्प्या चार वेळा झेपावला, दोन म्हाताऱ्या माद्या दात विचकून त्याच्यावर धावून गेल्या, आईने पिल्लू पोटाखाली दडपले, आणि पाचव्या वेळी त्याने ते मांडीपाशी चावले. मी वहीत 9.40 अशी वेळ लिहिली. त्या पानावरचे अक्षर अगदी सुवाच्य आहे, आणि इतक्या वर्षांनंतर मला बोचते ते तेच. आई ते कलेवर दोन दिवस छातीशी धरून फिरत होती. माझ्या मार्गदर्शकांनी माझे अभिनंदन केले, आणि कबूल करते, मला आनंद झाला.

आठवड्याने तोच नर बारा नंबरच्या पिल्लावर झेपावला, तेव्हा मात्र मी उठून टाळ्या वाजवल्या आणि ओरडले. तो बिचकून मागे फिरला. वहीत ‘हल्ला, अयशस्वी’ अशी नोंद आहे, टाळ्यांची नाही. पुढचे तीन दिवस मी तापाचे कारण सांगून घरी राहिले. परतले तेव्हा बारा नंबर रिकाम्या हातांनी फांदीवर बसली होती. प्रबंधातून ती नोंद मी वगळली आणि कारण लिहिले, झाडीमुळे नीट दिसले नाही.

तेव्हाची मी म्हणत असे, एका पिल्लाने काय होते, नर तर तोच राहणार. मग टाळ्या का वाजवल्यास, असे तिला विचारावेसे वाटते. पण ती उलट विचारील की त्या लपवून ठेवायला आज कोण सांगते आहे, आणि तिथे माझे बोलणे खुंटते. ढवळाढवळ करायची नसते, हे मला आजही पटते. त्या सकाळी पुन्हा बसवले तर मी पुन्हा उठेन, असेही वाटते.

‘बाई असून’ म्हणणाऱ्या बाईंनी ऐकली ती पहिली सकाळ. दुसरी मी कोणत्याही व्याख्यानात सांगितलेली नाही, आणि येत्या रविवारी ठाण्याला सांगेन की नाही, तेही ठरलेले नाही.