दमनकाचा खटला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रत्येक परंपरेचं साहित्य आणि तत्त्वज्ञान वेगळं, तर साऱ्या जगाची मिळून एक मानव्यविद्या असू शकते का, असं मला नेहमी विचारतात. मी 'हो' म्हणतो, पण 'शेवटी सगळे एकच सांगतात' म्हणून नव्हे. सगळे एकच सांगत नाहीत.

पंचतंत्रातला 'मित्रभेद' आठवा. दमनक कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो. सिंह बैलाला मारतो, मग हळहळतो. दमनक मात्र मंत्रिपदावर सुखात राहतो. सहाव्या शतकात इराणात पहिला खुस्रो या राजाच्या दरबारातल्या बुर्झोय या वैद्याने या कथा पहलवीत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या भाषेत, नेल्या. त्यावरून इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने ७५०च्या सुमारास त्या अरबीत आणल्या. दमनकाचा साथीदार कोल्हा करटक आणि दमनक तिथे कलीला-दिम्ना झाले, आणि एक नवं प्रकरण आलं: दिम्नाचा खटला. सिंहाची आई मुलाला स्वस्थ बसू देत नाही. चौकशी बसते, दिम्ना हुशारीने एकेक आरोप परतवतो, पण अखेर साक्षी त्याच्याविरुद्ध जातात आणि त्याला देहदंड होतो. संस्कृतात हे कुठेच नाही. बहुतेक अभ्यासक ते इब्न अल-मुकफ्फाचंच मानतात.

मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं. परक्या भाषेतला कोल्हा इब्न अल-मुकफ्फाला इतका नीट कळला की त्याचं सुटून जाणं सहन होईना. तरी त्याने मूळ कथा मोडली नाही. ती सांगितली आणि आपली हरकत पुढे जोडली. साऱ्या जगाचं सामायिक मी म्हणतो ते मला इथे दिसतं. १२५१ साली या अरबी पुस्तकाचं स्पॅनिश झालं, त्याच शतकात हिब्रूमार्गे लॅटिनही. युरोपात दमनक पोचला तो शिक्षा भोगूनच.

साम्य शोधणारेही थोर होते. मुघल राजपुत्र दारा शुकोहने १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या मदतीने पन्नासेक उपनिषदं फारसीत आणली, एकच सत्य हिंदू आणि इस्लाम दोन्हीकडे आहे या श्रद्धेने. त्याच्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे. पण माझं मन त्या खटल्यापाशीच घुटमळतं.

म्हणून विचारणाऱ्याला मी दोन्ही शेवट लागोपाठ वाचायला सांगतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी निःशंक अरबी शेवटाच्या बाजूचा होतो. आता तसा राहिलो नाही. दमनक मोकळा फिरतो आणि त्याला कोणी काही बोलत नाही, त्या शांततेची मला जास्त भीती वाटते.