पाच चमचे रक्त

जुलैतला सोमवार. पावसाळ्यात आमची ओपीडी म्हणजे निम्मे जुलाब, निम्मी खाज. दुपारी शटर ओढणार तोच कसबा पेठेतल्या काकू आल्या, पदराखाली टॉवेल, टॉवेलात पाच आठवड्यांचं मांजराचं पिल्लू. "कालपासून पीत नाहीये हो. गारठा बाधला असेल."

ओठ उचलून पाहिला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. अंग थंडगार, थर्मामीटर 96 फॅरनहाइटवर अडकलेला. पोटावरचे केस बाजूला सारले तर नुसत्या पिसवा पळताहेत. शेपटीच्या मुळाशी काळी भुकटी होती, ती चिमूटभर ओल्या कापसावर ठेवली. कडेनं तांबूस डाग पसरायला लागला. पिसवांची विष्ठा ती, म्हणजे ह्याचंच रक्त.

"अगंबाई, मी माती समजून पुसत होते!"

वजन 400 ग्रॅम. एवढ्याशा जिवात रक्त असतं 25 मिलीच्या आसपास, चहाचे पाच चमचे. 70-72 पिसवांच्या माद्या मिळून दिवसाला 1 मिली पितात. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, आला 9 टक्के. पंचविशीच्या आसपास हवा होता.

काकूंनी पर्समधून पाकीट काढलं. दुकानदारानं दिलेले मानेवर टाकायचे थेंब. कुत्र्याचे! आत परमेथ्रिन हे कीटकनाशक, मांजराला विषच. नशीब, फोडलं नव्हतं. 'कुत्रं काय नि मांजर काय, सारखंच' म्हणणाऱ्या ह्या मंडळींमुळे झटके येणारी मांजरं आम्ही दरवर्षी बघतो. आंघोळही नको म्हटलं; इतकं गार पडलेलं पिल्लू टेबलावरच जातं. आमचा कंपाउंडर हीटपॅडवर त्याला बारीक फणीनं विंचरत बसला, फणी दर वेळी साबणाच्या पाण्यात. हा मुलगा शिकलेला बारावी, पण हात असा की मोठमोठ्या डिग्रीवाल्यांनी बघून घ्यावा.

रक्त आमच्या दवाखान्यातल्या बोक्याचं. मांजरांत परक्या रक्तगटाविरुद्धच्या अँटिबॉडी मुळातच असतात, म्हणून पहिल्या वेळीसुद्धा क्रॉसमॅच, म्हणजे दोन्ही रक्तं जुळतात का ते बघणं, लागतंच. ते जुळलं, पण पिल्लाची शीर सापडेना. शेवटी मांडीच्या हाडात सुई घातली आणि थेंब थेंब करत चार तासांत 8 मिली दिलं. सहाच्या सुमारास जीभ किंचित गुलाबी झाली आणि साहेब माझ्या बोटावर गुरगुरले.

घरी न्यायला आल्यावर काकूंना म्हटलं, जिन्याखालची ती गोधडी उकळत्या पाण्यात टाका, फटी झाडून घ्या; पिसवांचे कोष महिनोन्‌महिने तसेच पडून राहतात. पिल्लाच्या आईलाही औषध लावायला आणा.

"दुसरंही असंच पांढरं पडलं होतं," काकू म्हणाल्या. "रविवारी सकाळी गेलं. ते वाचलं असतं का हो?"

ह्या पिल्लांची आई आठच दिवसांपूर्वी माझ्या टेबलावर होती, कान फाटला म्हणून. टाके घालताना मानेवरून एक पिसू उडालेली मला पक्की आठवते. "पावसाळ्यात होतातच," असं मीच म्हणाले होते. पिल्लांना पाजतेय हे दिसत होतं, तरी ती कुठे झोपतात ते विचारलं नाही.

रात्री तिचा केसपेपर काढला. कानाची जखम, तीन टाके, पाच दिवसांचं औषध. त्वचेच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'ठीक'.