साडेअकराचा कॉल

टेलिफोनच्या नोकरीत कानाला एक सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. पलीकडच्याच्या पहिल्या 'हॅलो'वरूनच कळायचं की हा उगाच त्रागा करतोय की याचं खरोखर अडलंय. १९७ वर, म्हणजे फोन नंबरांच्या चौकशीला, रात्रपाळीला बसलं की हॉटेलचा नंबर मागणारा आणि हॉस्पिटलचा नंबर मागणारा, दोघांनी नाव सांगायच्या आधीच ओळखू यायचे. ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. हेडसेट तिथेच राहिला, कान घरी आला.

त्या कानाने गेल्या गणपतीत रात्री साडेअकराला ऐकलं, "आजीऽ, पाय."

रेवा, माझी नात, तेव्हा पाच वर्षांची. त्या दिवशी आम्ही विक्रोळीहून निघून चिंचपोकळीला उतरलो होतो. चिंतामणी झाला, गणेश गल्ली झाली, मग गर्दीतून रेटत परत स्टेशन. अर्धा वेळ ती बापाच्या खांद्यावर, पण अर्धा वेळ चाललीच. घरी आल्यावर वरणभाताचे चार घास खाऊन झोपली आणि साडेअकराला रडत उठली. दोन्ही पोटऱ्या धरून बसलेली. कुठे दुखतंय विचारलं तर हात नडगीवरून गुडघ्यामागच्या लवणीत, तिथून मांडीवर. एका जागी बोट ठेवता येईना.

"आज चालली ना खूप," मुलगा म्हणाला. पटण्यासारखं होतं. चार दिवसांनी मात्र कुठे गेलो नव्हतो, तरी तेच. मग आठवडाभर काही नाही, मग लागोपाठ दोन रात्री. आणि सकाळी? मी पाणी भरेपर्यंत बाई दिवाणावरून जमिनीवर उड्या मारतायत.

तिसऱ्या खेपेला मुलाने जाहीर केलं, "आई, नाटक आहे हे. तुझ्याकडून पाय चेपून घ्यायचे असतात तिला." सून काही बोलली नाही, पण तीही सकाळच्या उड्यांकडे बघतच होती. या दुखण्याची हीच तर खोड आहे. रात्रीचा साक्षीदार सकाळी उलटतो. ताप नाही, सूज नाही, दाखवायला काहीच नाही. मी म्हटलं, नाटकाचा आवाज मला कळतो. नाटक करणारं पोर मध्येच थांबून कोण आलं ते बघतं. ही अर्धवट झोपेत उशीत तोंड खुपसून कण्हत होती. कोणाला ऐकवायला नाही.

मग माझे उद्योग सुरू झाले. तिळाच्या तेलात लसणाच्या दोन पाकळ्या घालून ते कडवून ठेवलं. जुन्या सुती साडीच्या फडक्यात तव्यावर भाजलेला ओवा बांधून पुरचुंडी केली. (ती आधी स्वतःच्या मनगटावर धरून बघावी. झोपेतल्या पोराला चटका बसलेलाही धड सांगता येत नाही.) खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, दृष्ट काढा. तेही केलं. मीठ-मोहऱ्या मस्त तडतडल्या, पाय दुखायचा तो दुखलाच.

चेपायचीही एक रीत बसली. रगडायचं नाही. घोट्यापासून वर, पोटरीवरून मांडीपर्यंत सावकाश हात फिरवायचा. मग गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं हलकेच तिच्याकडे वळवायची आणि दहा आकडे मोजायचे. तिला आकडे मी जुन्या पद्धतीने, नंबर वाचून दाखवावा तसे म्हणून दाखवायची. वीस मिनिटांत बहुतेक वेळा झोप लागायची. मला मग तासभर लागायची नाही, हायवेवरचे ट्रक मोजत पडायचं.

हे सगळं करताना मी एक थाप मारून ठेवली होती. माझी आई परळच्या चाळीत जे सांगायची तेच तोंडातून गेलं, "अगं, हाडं वाढतायत, म्हणून दुखतं." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर रेवा स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी. तिथे आम्ही पेन्सिलीने तिच्या उंचीची रेघ मारतो. "बघ ना, किती वाढले." रेघ तिथल्या तिथे. रात्र दुखून गेली की सकाळी ही हजेरी ठरलेली. शेवटी म्हटलं, आतून वाढतेस. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते तिच्या बापाचंच पाहणं होतं.

डॉक्टरांकडे मीच धरून नेलं. त्यांनी आधी तपासलं नाही, विचारलं. दोन्ही पाय दुखतात की नेहमी एकच? सकाळी लंगडते का? ताप, सूज, लाली? वजन उतरलंय, भूक मेलीय का? दिवसा खेळता खेळता दुखलं म्हणून बसते का? सगळ्याला नाही, आणि पाय दोन्ही. मग एकेक सांधा फिरवून पाहिला, पोटऱ्या दाबल्या, तिला चालायला आणि एका पायावर लंगडी घालायला लावली. लंगडीत ती टेबलाला दोन फेऱ्या मारून आली. शेवटचा प्रश्न मला आवडला, "रात्री दुखत असताना पायाला हात लावू देते?" म्हटलं, लावू देते काय, हात काढला तर रडते. ते म्हणाले, हे बरं लक्षण. जिथे आत काही गंभीर असतं तिथे पोर सहसा हात लावू देत नाही.

एकाच पायाचं दुखणं, सकाळी उठल्यावरचं दुखणं किंवा जखडणं, लंगडणं, सुजलेला सांधा, सोबत ताप किंवा उतरणारं वजन, यातलं काहीही दिसलं तर 'वाढीचं असेल' म्हणून थांबायचं नाही, हे मला त्यांनी दोनदा बजावलं. आजीची जात त्यांना माहीत असणार.

आणि मग माझी थाप उघडी पाडली. 'वाढीचं दुखणं' हे नाव १८२३ पासून वैद्यकात चालत आलंय, पण वाढीमुळे दुखतं असं काही सिद्ध झालेलं नाही. पोर सगळ्यात झपाट्याने वाढतं ते पहिल्या वर्षात आणि मग वयात येताना. हे दुखणं येतं तीन ते बारा वर्षांच्या मधल्या काळात, जेव्हा वाढ वर्षाला पाच-सहा सेंटीमीटरच्या संथ चालीने चाललेली असते. दिवसभराच्या पळापळीने स्नायू दमत असतील, काही मुलांना दुखणं जास्त जाणवत असेल, असे अंदाज आहेत. ड जीवनसत्त्व त्यांनी तपासून घेतलं. कमी निघालं. मुंबईत ऊन रग्गड, पण पोरं असतात शाळेत नाहीतर जिन्यात. त्याचं औषध दिलं. त्याने रात्री थोड्या कमी झाल्या की आपोआप झाल्या, कोण सांगणार.

फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही वजनावर: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. रेवाचं वजन १७ किलो. घरी आल्यावर फ्रिजमधल्या दोन बाटल्या काढून पाहिल्या तर पोटात गोळा आला. एकीत पाच मिलीला १२० मिलिग्रॅम, दुसरीत २५०. चमचा तोच, औषध दुप्पट. एक बाटली त्याच दिवशी घरातून काढून टाकली. आतापर्यंत औषध दोनदाच लागलंय. आणि लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, हे वेगळं.

मुलाला हे सगळं सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्याचं "बरं" मला माहीत आहे.

डिसेंबरात मी बहिणीकडे चिपळूणला गेले होते. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मुलाचा. त्याचा 'हॅलो' ऐकला आणि पुढचं कळलं. मागे रेवाचं कण्हणं चालू होतं. "आई, किती वेळ चेपायचं असतं? आणि ते आकडे कुठले म्हणतेस तू?" फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि चिपळूणहून नंबर वाचले. नऊ, सात, शून्य, चार. त्या रात्रीपासून आमच्या घरात 'नाटक' हा शब्द कोणी काढलेला नाही.

जानेवारीच्या मध्यापासून पाडव्यापर्यंत एकही रात्र दुखली नाही. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर रेवा चौकटीला जाऊन टेकली. पट्टी डोक्यावर ठेवून रेघ मारली. गणपतीतल्या रेघेपेक्षा चांगली तीन सेंटीमीटर वर.

ती दोन्ही रेघांमध्ये बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पण दुखलं तर नाही."

"नाही."

"मग तेव्हा कशाने दुखायचं?"

म्हटलं, "डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही गं."

तिने जरा विचार केला. "त्यांना कळेपर्यंत तू तेल लावत जा," म्हणाली आणि श्रीखंडाच्या वाटीकडे पळाली.