‘मागणी आहे’ याचा पुरावा: निंबोळी पेंडीच्या युनिटसाठी कर्ज काढताना माझा अनुभव

आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये अकरा पानं होती. त्यातल्या एका पानावरच्या एका ओळीनं माझे सात महिने आणि लिंबोळीचा एक अख्खा हंगाम खाल्ला. ‘सदर उत्पादनास बाजारात प्रचंड मागणी आहे’ ही ती ओळ. लिहिली होती रिपोर्ट बनवून देणाऱ्यानं, आणि मी न वाचता सही केली होती. तुम्ही तसं करू नका. सही करण्याआधी रिपोर्टमधली प्रत्येक ओळ स्वतः वाचा, आणि बँकेत कुणी विचारलं तर तोंडानं सांगता येईल एवढीच ओळ ठेवा.

मी मोहोळ तालुक्यातली. घरी ऊस, थोडी ज्वारी, बांधाला आणि ओढ्याकाठी कडुनिंबाची झाडं. आमच्या बचत गटातल्या बायका ज्येष्ठ-आषाढात लिंबोळ्या गोळा करून व्यापाऱ्याला घालायच्या, अगदी पडेल भावानं. त्याच लिंबोळीची, तेल काढून उरलेली पेंड पुढं दुकानातून आम्हीच विकत आणायचो. मग सोलणी यंत्र, तेल काढायचा एक्सपेलर आणि पेंड दळायचं पल्व्हरायझर आपणच का बसवू नये, असं वाटलं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपीतून ९ लाख ६० हजारांचा प्रकल्प घातला. ग्रामीण भाग आणि अर्जदार महिला म्हणून ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ टक्के. ऑनलाइन अर्ज, उद्यम नोंदणी, ग्रामपंचायतीची कागदं, कोटेशन हे सगळं महिनाभरात झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

फाईल बँकेत गेली आणि थांबली. बँकेचं नाव लिहीत नाही.

पहिल्या भेटीत साहेबांनी आधी विचारलं, “ताई, मालक नाही आले?” अर्ज माझा, सही माझी. मी म्हटलं, जे विचारायचं ते मला विचारा. मग त्यांनी ती ओळ बोटानं दाखवली. “युरियाला निंबाचं कोटिंग सरकारच करून देतंय. मग वरनं तुमची पेंड कोण मिसळणार?”

मला उत्तर आलं नाही. रिपोर्टमध्ये पेंडीचा मुख्य उपयोग ‘युरियातील नत्राचा ऱ्हास रोखण्यासाठी’ असा लिहिला होता आणि २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुनिंबाचं तेल लावूनच येतो हे मला माहीत होतं, आमच्या शेतात तोच पडतो. पण दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. फाईल परत आली, शेरा होता ‘मागणी सिद्ध होत नाही’. त्या दिवशी मोहोळच्या एसटीत बसेपर्यंत डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं.

दुसऱ्या दिवशी मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात गेले. तिथं जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते, कारण हे धंद्याचं मूळ आहे. युरिया जमिनीत पडला की युरिएज नावाचं विकर त्याचा अमोनिया करतं. आपल्या सोलापूरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या वर असतो, त्यामुळं वर फेकलेल्या युरियातला बराच अमोनिया हवेत उडून जातो. जो मातीत राहतो त्याचं जिवाणू नायट्रेट करतात. ते पाण्याबरोबर मुळाखाली उतरतं, नाहीतर पाणी साचलं की वायू होऊन जातं. पिकाला टाकलेल्या नत्रापैकी निम्म्यापेक्षा कमीच मिळतं. कडुनिंबाचं काम ह्या दुसऱ्या टप्प्यावर चालतं, नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग ते कमी करतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या दशकातच ह्याच्यावर काम झालेलं आहे. पहिल्या टप्प्याला, म्हणजे उडून जाणाऱ्या अमोनियाला, पेंडीवर भरवसा ठेवून चालत नाही. त्याला युरिया मातीआड करणं हाच उपाय. हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. पेंड मिसळून युरिया उघड्यावर फेकला आणि गुण आला नाही, तर नाव पेंडीचं खराब होतं.

आणि कोटिंगचा हिशेब. नियमाप्रमाणे युरियावर कडुनिंबाचं तेल कमीत कमी ०.०३५ टक्के लागतं. ४५ किलोच्या गोणीत ते जेमतेम १६ ग्रॅम. उसाला युरिया देताना निंबोळी पेंडीची भुकटी ६:१ प्रमाणात मिसळा अशी शिफारस आहे, म्हणजे त्याच गोणीला साडेसात किलो पेंड. तेल आणि पेंड एकास एक तोलता येत नाही हे मला कळतं. तरी ‘कोटिंग आहे म्हणजे पेंडीचं काम संपलं’ असं नाही, एवढं ह्या आकड्यांवरनं सांगता येतं. मी ते एका पानावर स्वच्छ मांडलं. सुरू, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या, उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरी १००. त्याला युरिया २१७ किलो, पाच गोण्यांना थोडा कमी. त्याला पेंड ३६ किलो. आडसालीला, म्हणजे जुलै-ऑगस्टमधल्या लावणीला, हेक्टरी ४०० किलो नत्र, म्हणजे एकरी पेंड ५८ किलोपर्यंत जाते. सोलापूर जिल्ह्यात ऊस किती आणि कारखाने किती हे बँकेला मी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या भेटीत साहेबांनी पान वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, “हे शास्त्र झालं. गिऱ्हाईक कुठंय?”

तेव्हा मला त्या माणसाचा फार संताप आला होता. पण प्रश्न खरा होता. आमच्या ह्यांच्या मोटरसायकलवर आणि एसटीनं तीन आठवडे फिरले. मोहोळ, कुरूल, कामती, मंगळवेढा, पंढरपूर, सांगोला मिळून २३ कृषी सेवा केंद्रं. प्रत्येकाला तेच चार प्रश्न: पेंड ठेवता का, वर्षाला किती जाते, कोण नेतं, कशासाठी नेतं. चौथा प्रश्न विसरू नका. माझा सगळा अहवाल त्या चौथ्या प्रश्नावर उलटला.

पेंड बहुतेक दुकानांत होती. पण युरियात मिसळायला नेणारा शेतकरी असतो असं २३ पैकी तिघांनीच सांगितलं. कुरूलकडच्या एका वयस्कर दुकानदारांनी जे सांगितलं ते मी रिपोर्टमध्ये तसंच घातलं: “ताई, युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशाला. त्यातली निम्मी वाया गेली तर कोण रडतंय ओ? साडेसात किलो पेंडीला जवळजवळ गोणीएवढेच पैसे पडतेत. त्यापेक्षा माणूस अजून एक गोणी टाकतोय.”

हिशेब करून बघितला. ४५ किलोत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. शेतकऱ्याला नत्राचा किलो तेरा रुपयांच्या आत पडतो. एवढं स्वस्त नत्र वाचवायला तो खिशातनं पैसे घालत नाही, आणि ह्यात शेतकरी अडाणी आहे असं मला मुळीच वाटत नाही. माझ्याच घरात हेच चालू होतं. युरिया वाचवणाऱ्या कुठल्याही मिश्रणाची, कंपनीचं रसायन असो की आमची पेंड, आपल्याकडं अडचण इथं आहे. फायदा खरा आहे, पण तो पाण्याला, जमिनीला आणि सरकारच्या अनुदानाच्या बिलाला जास्त दिसतो, शेतकऱ्याच्या खिशाला कमी.

मग मागणी कुठं सापडली? एक, सांगोला आणि मंगळवेढ्याच्या डाळिंबात. तिथं बहार धरताना आळ्यात पेंड घालतात, मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमीसाठी, आणि भाव करत बसत नाहीत, माल चांगला आहे का ते बघतात. दोन, पंढरपूरकडचे द्राक्षवाले. तीन, उसातले असे शेतकरी ज्यांना ऐन पावसाळ्यात युरिया मिळत नाही. रांगेत उभं राहून एकच गोणी हातात आली, किंवा तिच्याबरोबर नको असलेलं औषध लिंकिंगमध्ये घ्यावं लागलं, की त्याला त्या गोणीची किंमत कळते. हा गिऱ्हाईक जुलै-ऑगस्टमध्ये येतो, मार्चमध्ये विचारलं तर ‘नको’ म्हणतो. म्हणून सर्व्हे करताना महिना लिहा. आणि उसातले ठिबकवाले सोडून द्या, त्यांना विरघळणारं खत लागतं, पेंड त्यांच्या कामाची नाही. मी पहिल्या हिशेबात त्यांचा ऊसही धरला होता, तो काढून टाकला.

रिपोर्ट पुन्हा लिहिला, ह्या वेळी मी स्वतः, मराठीत, आणि मग टाइप करून घेतला. विक्रीचा मोठा वाटा डाळिंब-द्राक्षाला, लहान वाटा युरियाच्या मिश्रणाला. साहेबांनी मागे एकदा ‘हे बाहेर कुठं चालतं का’ असं विचारलं होतं, म्हणून एक परिच्छेद तोही घातला. जर्मनीत २०२० पासून युरिया टाकायचा तर त्यात युरिएज रोखणारं द्रव्य हवं, नाहीतर चार तासांत तो मातीत मिसळायला हवा असा नियम आहे. उलट न्यूझीलंडमध्ये डीसीडी नावाच्या नायट्रेट रोखणाऱ्या रसायनाचे अंश दुधात सापडले आणि २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली गेली. म्हणजे हा बाजार नियमानं उभा राहतो आणि एका तपासणीनं बसतो. आपल्याकडंही कोटिंग सगळीकडं झालं ते आदेश आला म्हणून.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा नवीन कारण निघालं. ‘पेंड घेऊ’ अशी दुकानदारांची पत्रं मी जोडली होती, ती साध्या कागदावर होती. लेटरहेडवर, शिक्का आणि जीएसटी क्रमांकासह पाहिजेत. हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं का? पुन्हा सगळी फेरी. अकरा जणांनी पत्रं दिली. सांगोल्याच्या एका दुकानदारांनी शिक्का सापडेना म्हणून मुलाला घरी पिटाळलं आणि मला तोवर चहा पाजला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्यानंतर जागा बघायला येणार होते. ‘पुढच्या आठवड्यात’ असं सात आठवडे चाललं. तोवर जून उजाडला. आमच्या शेडपुढच्या झाडाखाली लिंबोळ्यांचा पिवळा सडा पडायचा, त्यावरनं ट्रॅक्टर जायचे, आणि मी शेडमध्ये रिकाम्या ओट्यावर बसून ते बघायची. गटातल्या बायका रोज विचारायच्या, “गं, यंदा घ्यायच्या का लिंबोळ्या?” शेवटी त्यांना त्याच व्यापाऱ्याला घालायला सांगितलं. तो दिवस फार वाईट गेला.

जुलैत मी एक गोष्ट केली, ती फेब्रुवारीतच करायला हवी होती. लेखी अर्ज दिला: माझं प्रकरण नाकारायचं असेल तर कारण लेखी द्या, नसेल तर पाहणीची तारीख लेखी द्या. दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच घेतली. आवाज चढवला नाही. सहाव्या दिवशी साहेब जागेवर हजर. ओटा बघितला, वीज जोडणी बघितली, शेजारच्या दोघांना विचारलं, पंचवीस मिनिटं. ऑगस्टअखेर मंजुरी पत्र आलं. त्यावर माझं नाव, फक्त माझं, असं छापलेलं बघून मी ते आधी सासूबाईंच्या हातात दिलं.

आता आठवेल तसं सांगते. तारण मागितलं तर, दहा लाखांच्या आतल्या अशा उद्योगाच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नसतं, हे शांतपणे सांगा. मला मागितलं होतं. अनुदानाची रक्कम हातात येत नाही, ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते, तेव्हा त्या पैशावर आधीच बेत करू नका. खेळतं भांडवल रिपोर्टमध्ये भरपूर धरा, कारण लिंबोळी दोनच महिने मिळते आणि वर्षाचा माल तेव्हाच उचलावा लागतो. मी कमी धरलं होतं, यंदा भिशीचे पैसे घालावे लागले. लिंबोळी ओली भरू नका, बुरशी धरते. सावलीत वाळवा. खत म्हणून पिशवीवर छापायचं असेल तर कृषी विभागाची कागदं वेगळी, ती मशीन येण्याआधीच विचारून घ्या.

यंदा जूनमध्ये एक्सपेलर चालू झाला. पहिला लॉट सांगोल्याला त्या शिक्क्याच्या दुकानदारांकडंच गेला. युरियासाठी पेंड नेणारे आत्तापर्यंत नऊ जण झालेत, त्यातले सहा जण ऑगस्टमध्ये आले, युरिया संपला होता त्या आठवड्यात. त्यांना मी सात किलो आणि साडेसात किलोच्या वेगळ्या पिशव्या करून दिल्या होत्या. सात किलोची कुणी नेली नाही. गोणीला एक पिशवी असा सरळ हिशेब त्यांना बरा वाटतो, तर आता साडेसात किलोचीच भरते.

आणि हो, लोकसंख्येचा दाखला ग्रामपंचायतीकडनं घेताना त्यावर जावक क्रमांक आहे का बघून घ्या. माझ्या दाखल्यावर नव्हता.