मोऱ्याची लाँच

दत्तजयंती, गुरुवार

आज हाफ डे टाकला आणि दुपारीच भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच धरली. जानेवारी 2024 पासून उरणला लोकल येते, अटल सेतूही त्याच महिन्यात सुरू झाला. तरी मी लाँच सोडत नाही म्हणून घरचे हसतात. हसू देत. माझगावात नोकरी करून नेरूळचा वळसा कोण घालतंय!

मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे बाकांखाली केळी आणि शेवंतीच्या वेण्यांच्या पिशव्या. निघायच्या आधी खलाशाने लाइफ जॅकेटं वाटली. डिसेंबर 2024 मध्ये नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली, तेव्हापासून ती अंगात घालायला कुणी नाक मुरडत नाही. माझ्या जॅकेटाचा एक बंद तुटका होता, गाठ मारून घेतली.

बुचर आयलंड डावीकडे आलं. कागदोपत्री जवाहर द्वीप, पण लाँचवर बुचरच. तेलाच्या गोल टाक्या, धक्क्याला टँकर. 2017 च्या ऑक्टोबरात वीज पडून यातलीच डिझेलची एक टाकी पेटली होती. तिच्यासमोरून रोज जातो, पण मान वर करून बघणारे थोडेच.

मोठ्या जहाजांच्या वाटेचं चॅनल जवळ आलं तशी तांडेलाने, म्हणजे लाँच चालवणाऱ्याने, घंटी वाजवली आणि खाली इंजिन मंदावलं. उजवीकडून न्हावा-शेव्याला जाणारं कंटेनरचं जहाज येत होतं. पुढे-मागे टग, वर अर्धा पांढरा, अर्धा लाल बावटा, म्हणजे बंदरातली वाट दाखवणारा पायलट चढलेला. डेकवर कंटेनरांच्या अशा थप्प्या की पलीकडची घारापुरी दिसेनाशी झाली.

“अहो, काढा ना पुढून! केवढं लांब आहे ते,” मागून एक जण ओरडला. शेजारच्या काकू शांतपणे म्हणाल्या, “जाऊ दे रे बाबा त्याला. तो काय ब्रेक मारनार हाय का?”

काकूंचं बरोबर होतं. पाणी सगळीकडे सारखंच मातकट दिसतं, पण त्या धुडाला चालायला खणून खोल केलेला पट्टा तेवढाच. बंदरात शिरताना लाल बोये, म्हणजे वाटेच्या तरंगत्या खुणा, डाव्या हाताला, हिरवे उजव्या. त्याबाहेर गेलं की गाळात रुतलंच. आपली लाँच कुठूनही जाऊ शकते, म्हणून थांबायचं आपणच. नियमही तोच सांगतो. आणि दोन मोठी जहाजं इथे भिडली की काय होतं ते ऑगस्ट 2010 मध्ये पाहिलंय. ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ आपटल्या, चित्रा कलंडली, कंटेनर सुटून चॅनलभर तरंगत राहिले. बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प, किनाऱ्यावर तेलाचा थर.

जहाज गेलं. तांडेलाने त्याच्या मागून काढली आणि लाटेवर नाळ, म्हणजे लाँचचं पुढचं टोक, धरली, तरी पुढच्या बाकावरच्यांना शिंतोडे बसलेच. थांबण्यात गेली असतील पाच-सात मिनिटं. लोक कुरकुरतात, मला मात्र थांबणाऱ्या तांडेलाच्याच लाँचमध्ये बसायला आवडतं. घाईवाले दोघे-तिघे आहेत, त्यांची लाँच मी सोडून देते.

लवकर निघायचं कारण पौर्णिमा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे बाबांनी शिकवलेलं: पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे साडेपाचच्या आसपास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, त्यात उधाणाची. मोऱ्याच्या धक्क्याशी तेव्हा पाण्यापेक्षा गाळच जास्त. आत्ताही उतरताना खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या होत्या, शेवाळ नुसतं लिबलिबीत. खलाशी प्रत्येकीचा हात धरून उतरवत होता, काकूंची केळ्यांची पिशवी त्याच्याच खांद्यावर.

घरी येऊन चहा टाकतेय तोवर ऑफिसातल्या मैत्रिणीचा मेसेज: “संध्याकाळची लाँच बंद. नेरूळवरून येतेय. आईला सांग, आरतीला थांबू नका.”