काळा भुसा, पांढरा भुसा: जुनापाणी ते सिलारी, दोन दिवस

मामांच्या घरी फळीवर दूध पावडरीचे अकरा डबे ओळीनं ठेवलेले आहेत. दूध एकातही नाही. मामांनी सत्तावीस वर्षं बोअरच्या गाडीवर काढली आणि जिथं जिथं बोअर मारला तिथला मूठभर भुसा, म्हणजे फुटून वर येणारी दगडाची भुकटी, घरी आणला. डब्यावर गावाचं नाव आणि फूट. हिंगणा, कळमेश्वर, काटोलचे डबे उघडले की आत राखाडी-काळी भुकटी. मौदा, कुही, उमरेड रस्त्याचे उघडले की पांढरट, आणि उजेडात धरली तर अभ्रकानं चमचमणारी.

"नागपूरच्या मधातून लाइन जाते बाबू," मामा म्हणतात. "इकडं काळा निंगते, तिकडं पांढरा. पाणी बी तसंच."

मामांनी भूशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नाही, पण भूशास्त्राचा नकाशा हेच सांगतो. सह्याद्रीपासून पसरत आलेला लाव्हाचा काळा पाषाण नागपूर शहरात येऊन संपतो. पश्चिमेचं अर्धं शहर त्याच्यावर, पूर्वेचं अर्धं कितीतरी जुन्या पट्टेदार नाइस खडकावर. आपण रोज सकाळी ऑफिसला जाताना ही कड ओलांडतो आणि कळत नाही. म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी मामांना गाडीत घातलं आणि ठरवलं, काळ्या बाजूनं सुरू करायचं आणि पांढऱ्या बाजूनं जंगलात शिरायचं. जुनापाणी, टाकळी, कामठी, मनसर, रामटेक, आणि मुक्काम पेंचच्या जंगलातल्या सिलारीला.

सकाळी तर्री पोहे खाऊन काटोल रस्त्यानं निघालो. जुनापाणीची शिळावर्तुळं शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं कुणीतरी शेतातले धोंडे वेचून गोल लावलेत. नीट पाहिलं की एकेक धोंडा दोघा-तिघांनाही हलणार नाही असा, आणि काहींवर वाटीएवढे खळगे कोरलेले. लोहयुगातली दफनं आहेत ही. या एका ठिकाणी सुमारे ३०० वर्तुळं आहेत. धोंडे सगळे इथल्याच काळ्या पाषाणाचे. मामा एका धोंड्यापाशी उकिडवे बसले आणि बोटानं त्यातली बारीक भोकं दाखवू लागले. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकतात, त्यांची ती भोकं. पुढं त्यांत पांढरी खनिजं भरतात. विहीर खोदणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात, आणि तो लागला की खूश होतात, कारण तो फुटायला नरम आणि पाण्याला बरा. घट्ट काळ्या पाषाणात मात्र फट सापडली तर पाणी, नाही तर नुसता भुसा.

मी मामांना कोयनेची गोष्ट सांगितली. १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला. तिथं अजूनही धक्के का बसतात, धरणातल्या पाण्याचा त्यात किती हात, हे शोधायला शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल बोअर मारला. पहिला सव्वा किलोमीटर नुसता काळा पाषाण, मग खाली ग्रॅनाइटाच्या जातीचा खडक. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथंही बोअर घेतला, तिथं काळा पाषाण ३३८ मीटर भरला. म्हणजे पश्चिमेकडून येता येता भाकरीची कड पातळ व्हावी तसा तो पातळ होत आलाय, आणि नागपुरात कडच संपते. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीन किलोमीटर? केसिंग कितीचं टाकलं असन?" बोअर ढासळू नये म्हणून आत घालायच्या त्या पाइपाबद्दल मला उत्तर देता आलं नाही.

जुनापाणीला जाणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत पोचावं. सावली नाही, पाण्याची सोय नाही. गवत वाढलेलं असतं, म्हणून बूट घाला आणि पाय टाकताना खाली बघा. जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, धोंड्यावर चढून फोटो काढू नका. पावसाळ्यात जायचंच असेल तर काळी माती गाडीचं चाक कशी धरून ठेवते याचा अनुभव घ्यायची तयारी ठेवा.

परत येताना टाकळी लागते. आता तिथं वस्ती, दुकानं, पोलिस लाइन. पण भूशास्त्रात टाकळीचं नाव दीडशेहून जास्त वर्षं आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला आणि सोबतच्या रॉबर्ट हंटरबरोबर इथले दगड फोडत बसला. लाव्हाचा एक थर येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये शांतता होती. त्या काळात तळी साचली, शेवाळं, झाडं, गोगलगायी आल्या, आणि मग पुढच्या लाव्हानं सगळं झाकलं. टाकळीच्या त्या मधल्या थरातून त्यांनी बिया, फळं, शंख गोळा केले आणि १८५० च्या दशकात लंडनच्या भूशास्त्र सोसायटीच्या नियतकालिकात नागपूरच्या भूगर्भावर लिहिलं. टाकळीच्या हिरव्या कॅल्साइटला पुढं हिस्लोपाइट असं नावही मिळालं. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. हा माणूस ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडाला. नागपूरच्या पावसात नाला ओलांडू नये हे तेव्हाही खरं होतं.

टाकळीत आज जीवाश्म शोधायला जाऊ नका, लोकांच्या अंगणात शिराल. मी एका महाविद्यालयातल्या ओळखीच्या सरांकडून तो थर पाहिला. तळहाताएवढा करडा, गारगोटीसारखा तुकडा, त्यात बोटाच्या पेराएवढा शंख. फायसा नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. सर म्हणाले, टोक वर धरा आणि तोंड कुठं आहे ते बघा. डावीकडं होतं. बहुतेक गोगलगायी उजव्या वळणाच्या, ही डावखुरी. मामांनी तो तुकडा तीनदा फिरवून पाहिला, दर वेळी तोंड डावीकडंच.

याआधी एका सरकारी कार्यालयातलं खडकांचं दालन बघायचा बेत होता. शनिवारी गेलो आणि चौकीदारानं फाटकातूनच परत पाठवलं. चूक आमचीच म्हणायची, पण फोनवर 'या ना' म्हणणाऱ्यानं सुट्टीचा वार सांगितला असता तर बरं झालं असतं. नागपुरात भूविज्ञान, खाण, माती, भूजल या सगळ्यांची मोठी केंद्रीय कार्यालयं आहेत. तिथं काही बघायचं असेल तर आधी पत्र किंवा ईमेल टाका, कामाच्या दिवशी जा आणि ओळखपत्र न्या. मुलं सोबत असतील आणि वार रविवार असेल तर सरळ रमण विज्ञान केंद्रात न्या.

कामठी झटकन ओलांडली. या गावाच्या नावानं भूशास्त्रात एक अख्खा थर ओळखला जातो, कामठी वालुकाश्म, गोंडवन खडकांच्या वरच्या भागातला. कोळसा त्याच्या खाली. कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी उभी राहिली ती त्याच कोळशाच्या शेजारानं. 'गोंडवन' हे नाव इथल्या गोंडांच्या मुलखावरून भूशास्त्रात गेलं आणि पुढं दक्षिण गोलार्धातल्या एका जुन्या महाखंडालाही लागलं. रस्त्यावरून यातलं फार काही दिसत नाही. कन्हान नदीचा पूल दिसतो, तोही ट्रकच्या मागून.

मनसरला मात्र थांबा. इथं मामांची पांढऱ्या भुशाची बाजू सुरू झालेली असते आणि मध्येच काळं काहीतरी हाती येतं. रस्त्याकडेला पडलेला एक खडा मामांनी उचलला आणि हात खाली गेला, इतका जड. बोटं काळी झाली आणि धाब्यावर दोनदा साबण लावूनही नखात राहिलीच. मँगनीज. बाजूची टेकडी पोखरली आहे ती याच्यासाठी. मँगनीजबरोबर सापडणाऱ्या गार्नेट आणि गारगोटीच्या खडकाला फर्मर या भूशास्त्रज्ञानं गोंडाइट नाव दिलं, पुन्हा गोंडांवरूनच. हे थर शंभर कोटी वर्षांहून जुने. सकाळी जुनापाणीला आपण सहा-सात कोटींच्या दगडावर हात ठेवला होता, आणि अजून जेवणही झालं नव्हतं. खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही, फाटकाशी हुज्जत घालू नका. हिडिंबा टेकडीवरचे वाकाटककाळाचे अवशेष बघता येतात.

रामटेकला गडावर चढलो. इथं एक गोष्ट शिकलो: हातात पिशवी धरून चढू नका. मामांनी कौतुकानं मौद्याचा पांढरा भुसा प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता, रामटेकच्या खडकाशी जुळवून बघायला. वानरानं ती प्रसाद समजून हिसकली, कठड्यावर बसून फाडली, हुंगली आणि आमच्याकडं अशी नजर टाकली की आम्हीच फसवलं त्याला. मौदा २४० फूट, सगळा पायऱ्यांवर सांडला. खाली येऊन रामटेकचं पान खाल्लं तेव्हा मामांचा चेहरा जरा सैल झाला.

सिलारी नागपूरपासून साधारण ७० किलोमीटर. पवनीपाशी महामार्ग सोडावा लागतो. वळण चुकलात तर देवलापार, मग खवासा, आणि मध्य प्रदेश. आम्ही चुकलो. पण त्यामुळं रस्त्याचा तो भाग पाहायला मिळाला ज्याच्याबद्दल वाचलं होतं. पेंचच्या जंगलातून चौपदरी महामार्ग नेताना प्राण्यांसाठी खालून वाट सोडली आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत अशी ९ बांधकामं आहेत, रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे प्राणी ये-जा करताना टिपले गेले, त्यांत ११ वेगवेगळे वाघ. वाघ वेगवेगळे हे कळतं पट्ट्यांवरून. डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात, म्हणून गणनेचे कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीनं लावतात. गाडीतून तुम्हाला फक्त दोन्हीकडच्या उंच भिंती दिसतील. त्या आवाज आणि दिव्यांचा झोत अडवायला आहेत. तिथं थांबू नका, उतरून खाली तर मुळीच नका जाऊ.

हाच रस्ता पुढं शिवनीवरून जबलपूरकडं जातो. मामांना १९९७ चा २२ मे आठवला. गच्चीवर झोपले होते, मध्यरात्र उलटलेली, खाट हलली आणि खाली भांडी वाजली. जबलपूरचा भूकंप ५.८ क्षमतेचा, पण जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटरवर झाला होता, म्हणून तो लांबवर जाणवला. किल्लारीचा १० किलोमीटरच्या आत, अगदी उथळ, त्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, म्हणून तिथं हजारो माणसं गेली.

सिलारीला रात्री थंडी चांगलीच असते, स्वेटरवर भागवू नका. जेवणाचं आधी सांगून ठेवा. आकाश मात्र अंगणातूनच बघा: महाराष्ट्रातलं पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं, आणि ते का ते दिवा मालवल्यावर कळतं. सफारीचं बुकिंग ऑनलाइन करा, ज्या ओळखपत्रावर केलं तेच सोबत ठेवा, साप्ताहिक सुट्टी आणि मोबाइलचे नियम आधी बघून घ्या. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं.

वाघ दिसला नाही. चितळ, सांबर, गवे दिसले, आणि तोतलाडोहाच्या पाण्यात उभे असलेले वाळके बुंधे, प्रत्येकावर एकेक पाणकावळा. या धरणाचं पाणी खाली नवेगाव खैरीला येतं आणि तिथून नागपूरच्या नळाला. वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून इथला येवा घटला. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी आलं, ते आमच्या लेआउटमध्ये कुणी विसरलेलं नाही.

मामांना यातलं काही नको होतं. जिप्सी एका पाणवठ्यापाशी थांबली. सिमेंटची बशी, मागं सोलर पॅनल, आणि झुडपात बोअरचं तोंड. उन्हाळ्यात इथले नाले आटतात, कारण या जुन्या खडकात पाणी साठायला जागाच थोडी, भेगा सापडल्या तर सापडल्या. म्हणून वनखातं असे बोअर चालवतं. मामा सीटवरून अर्धे उठले.

"किती फुटाले लागलं?"

गाइडला ठाऊक नव्हतं. त्यानं वाघाच्या पंज्याचा ठसा दाखवला, बशीच्या काठाला लागून, ताजा. मामांनी ठशाकडं पाहिलं आणि पुन्हा बोअरकडं. "भुसा आजूबाजूले पडलाच असन," ते हळूच मला म्हणाले. "एक मूठ—"

जंगलातून दगड काय, पान उचलणंही गुन्हा आहे, हे गाइडनं त्यांना दोनदा समजावलं. घरी आल्यावर त्यांनी मौद्याचा रिकामा डबा धुऊन उन्हात पालथा घातला.