माघारी किती आली?

शनिवारी इथे डब्लिनच्या गेइटी थिएटरमध्ये ‘रिव्हरडान्स’ हा आयरिश नाचाचा खेळ बघून आल्यापासून अण्णांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. प्रश्नाच्याही आधी त्यांचे हात आठवतात. मध्यंतरानंतरच्या पहिल्या नाचाला अख्खं थिएटर टाळ्यांचा ठेका धरून होतं, ओवी खुर्चीच्या टोकावर येऊन टाळ्या वाजवत होती, आणि अण्णांचे हात मांडीवर पालथे.

पहिल्या भागात असं नव्हतं. तेव्हा त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर सारखं चालू होतं. आयरिश नाचातली रील लागली की केरवा, जिग आली की दादरा. मुलींची ती तरंगती स्लिप जिग सुरू झाली तेव्हा मात्र बोट थबकलं, कारण ती नऊ मात्रांची, आणि इतकी वर्षं भजनात पखवाज वाजवूनही नऊ काही त्यांच्या हातात बसेनात. वादळाच्या नाचात वाद्यं गप्प होतात, नुसता पुरुषांच्या बुटांचा आवाज उरतो. तेव्हा तर ते मोठ्यांदा “वा!” म्हणाले. मला फार बरं वाटलं. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

मध्यंतरात मीच त्यांना पुढचं सांगितलं. इथे आयर्लंडमध्ये माणूस गेलं की रात्रभर त्याच्याशेजारी सगळे जागतात, त्याला ‘वेक’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात घरातलं पोर अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री तसंच जागायचे. जिवंत पोरासाठी. शेजारीपाजारी जमायचे, खाणं-पिणं, फिडल, पहाटेपर्यंत नाच, मधूनच एखादी म्हातारी मयताला रडतात तसं गाऊन रडायची. सकाळी सगळे मिळून वाटेला लावायला जायचे. हाच तो ‘अमेरिकन वेक’, पुढचा नाच त्याचाच. अण्णांनी ऐकून घेतलं. पडदा उघडला, रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं नाचत आली, आणि त्यांनी टाळी वाजवली नाही.

परतताना लुआस ट्राममध्ये म्हणाले, “त्यातली माघारी किती आली गं?”

मी म्हटलं, “अण्णा, तेव्हा जहाजं होती. आता विमानं आहेत.”

“हां,” म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते आहे. मी काय अशी गेले का? दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. त्यांच्या बीपीच्या गोळ्या कधी संपतात ते मला दादाच्या आधी कळतं. मला कुणी हाकललं नव्हतं, उपासमार नव्हती, मी शिकून, नोकरी घेऊन आले. आणि तरी त्या एका “माघारी” शब्दासरशी त्यांनी मला त्या रांगेत उभं केलं असं वाटलं. त्या रात्री रडू आलं, रागही आला. मी निघाले तेव्हा सहार विमानतळावर आम्ही सगळे किती हसत होतो! आईने डिंकाचे लाडू वजनात बसत नाहीत म्हणून तिथेच सगळ्यांना वाटले होते. फोटो आहेत. इकडे आयर्लंडमध्ये, डोनेगलला, मकिश डोंगराजवळ एक लहानसा दगडी पूल आहे, डेरीच्या बंदराकडे पायी निघालेल्यांना घरचे तिथवर सोबत करायचे आणि तिथून मागे फिरायचे. अश्रूंचा पूल म्हणतात त्याला. आमचा पूल म्हणजे विमानतळाचं ते दार, जिथे पोलीस पासपोर्ट बघून एकेकाला आत सोडतो. फोटोत आम्ही सगळे दाराच्या अलीकडे आहोत. पलीकडून मी वळून पाहिलं तेव्हा आई काय करत होती त्याचा फोटो नाही.

विमानं आहेत, मी म्हटलं. मे २०२१ मध्येही विमानं होती. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

मग त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले, कारण झोप नाहीच. १८४१ च्या जनगणनेत या बेटावर ८० लाखांहून जास्त माणसं होती. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला, पुढची काही वर्षं पीक सडत राहिलं, आणि १८५१ ला मोजली तर ६५ लाख. सुमारे १० लाख मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त निघून गेली. त्या वर्षांतही धान्य आणि गुरं इथल्याच बंदरांतून इंग्लंडला जात होती. दुष्काळ सरला तरी जाणं थांबलं नाही. आजही, उत्तर आणि दक्षिण दोन्ही धरून, बेटावर १८४१ इतकी माणसं नाहीत. इटलीतून अमेरिकेला गेलेले पुष्कळ जण पैसे गाठीला बांधून परतले. आयरिश फारच थोडे परतले.

म्हणजे उत्तर: जवळजवळ कुणीच नाही.

आणि याची सारखी टोचणी लागली आहे की त्या खेळात, तो नाच संपला की गोष्ट जाणाऱ्यांच्या मागे जाते. न्यूयॉर्क येतं, काळ्या टॅप नर्तकांशी त्यांची जुगलबंदी होते, आणि ती खरोखर सुंदर आहे. पण रात्रभर नाचून सकाळी रिकाम्या घरात परतलेली माणसं पुन्हा दिसत नाहीत. नाचलेली तर तीही होती. सगळं थिएटर जहाजावर चढलं आणि अण्णा एकटे धक्क्यावर राहिले. त्यांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. ७२ साली म्हसवडच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडून त्यांनी मिलो आणि सुकडी खाल्ली आहे. मोठे काका तेव्हाच मुंबईला माथाडीत गेले आणि... ते राहू दे.

शेवटी खेळात सगळे घरी येतात. ते गाणं चालू असताना मला त्यांना सांगावंसं वाटत होतं, बघा, आले की नाही! आता वाटतं, ते अगदीच खोटं नाही. ३० एप्रिल १९९४ ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात हा नाच पहिल्यांदा झाला, जेमतेम सात मिनिटांचा, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याचाच पूर्ण खेळ उभा राहिला. त्या रात्री पुढे नाचणारे दोघेही अमेरिकेत जन्मलेले. मायकल फ्लॅटली शिकागोचा, आई-वडील इथल्या स्लायगो आणि कार्लोचे. जीन बटलर न्यूयॉर्कजवळची, तिची आई इथल्या मेयोची. इथे स्पर्धांमध्ये हात अंगाला चिकटवून नाचायचं, ओवीला क्लासमध्ये अजून तेच शिकवतात. फ्लॅटलीने हात मोकळे सोडले. गेलेली माणसं आली नाहीत, पण नाच त्यांच्या पोरांच्या पायांतून परत आला, आणि इथल्या लोकांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं.

हे सगळं काल चहाच्या वेळी अण्णांना सांगितलं. आकडेसुद्धा. मला वाटलं होतं, ते गप्प होतील. त्यांनी उलट विचारलं, “मग मागं राहिल्यांचं कसं चालायचं?”

पत्रांवर, मी म्हटलं. पत्रात पैसे यायचे, त्यातून घराचं भाडं भरायचं आणि पाठच्या भावंडाचं तिकीट निघायचं. मुलीसुद्धा एकेकट्या जायच्या, जवळजवळ मुलांइतक्याच.

“म्हणजे पैसं आलं की घरातलं आणिक एक माणूस जायचं,” अण्णा म्हणाले. “आपल्याकडं मनीऑर्डरीचं तसंच की.”

त्यांच्या आवाजात माझ्यावर रोष नव्हता. मी शोधला, नव्हताच. ते कधीचं ओळखून आहेत, म्हणूनच ‘कधी येणार कायमची’ हे विचारायचं त्यांनी सोडलंय. मीच अजून ‘दोन-तीन वर्षांत’ म्हणत असते, त्यांना धीर द्यायला असं मला वाटायचं. काल नाही म्हटलं. कुणाचं काही अडलं नाही. चहा झाल्यावर त्यांनी ओवीला हाक मारली आणि ती नऊची भानगड विचारली. ओवीने स्वयंपाकघराच्या लाकडी फरशीवर दाखवलं, तीन-तीन-तीन. “अगं, हे तर दादऱ्याला दीडपट धरायचं,” असं म्हणून ते टेबलावर बोटांनी वाजवायला लागले, आणि ती चुकली की थांबवून परत पहिल्यापासून. दोघांची चांगलीच जुंपली. तिला आजोबांचं सगळं मराठी कळत नाही, त्यांना तिचं इंग्रजी. मी भाजी चिरत ऐकत होते आणि मला रडायला येत नव्हतं.

आता त्यांना कॉर्कजवळचं कोव्ह बंदर बघायचं आहे. १८४८ ते १९५० मध्ये २५ लाख माणसं त्या एका बंदरातून गेली. तिथे ॲनी मूरचा पुतळा आहे, दोन धाकट्या भावांसोबत. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अमेरिकेत येणाऱ्यांची नोंद व्हायची, १ जानेवारी १८९२ ला तिथे पहिलं नाव तिचंच लिहिलं गेलं. तिचे आई-वडील आधीच न्यूयॉर्कला पोचले होते. अण्णा म्हणाले, बघ, आधी कोण गेलं ते. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून सकाळची गाडी धरायची, कॉर्कला बदलायची. तिकिटं काढली आहेत. दशम्या करून घेते, त्यांना बाहेरचं सोसत नाही.